सहपत्रांसह

मराठी माणसाला आर्ग्युमेंट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. रिक्षाच्या मीटरपासून आमटीतल्या गुळापर्यंत कोणताही विषय त्याला पुरतो, आणि विषयच नसला तर ‘हल्ली वाद घालण्यासारखं काही उरलंच नाही’ या विधानावर तो दोन तास वाद घालू शकतो. आमच्या घरात आर्ग्युमेंट निघते, वाढते, जेवणापुरते थांबते आणि वामकुक्षी झाल्यावर मागील अंकावरून पुढे चालू होते. आर्ग्युमेंट जिंकलेले मी पाहिले आहे (समोरच्या बाजूने), हरलेलेही पाहिले आहे (माझ्या बाजूने). पण आर्ग्युमेंट ‘पास’ झालेले मात्र कधी पाहिले नव्हते.

त्यामुळे संगणकाच्या जगात आर्ग्युमेंट्स ‘पास करतात’ हे कळले तेव्हा मला त्या जगाविषयी एकदम आदर वाटू लागला. तिथे म्हणे एकाने आर्ग्युमेंट दुसऱ्याच्या हातात द्यायचे, दुसऱ्याने ते निमूटपणे घ्यायचे, लागले तर वापरायचे आणि तिसऱ्याकडे सरकवायचे. आवाज चढत नाही, कोणाचे माहेर निघत नाही, १९८२ सालच्या दिवाळीत कोण कोणाला काय म्हणाले होते हेही निघत नाही. आर्ग्युमेंट म्हणजे कामाबरोबर दिलेली माहिती, एवढाच तिथे अर्थ. ‘चहा कर’ हे काम. ‘दोन कप, बिनसाखरेचा’ ही आर्ग्युमेंट्स. आमच्याकडे ‘बिनसाखरेचा’ म्हटल्याबरोबर दुसऱ्या अर्थाचे आर्ग्युमेंट सुरू होते, तो भाग वेगळा.

हे सगळे ज्ञान मला आमच्या भाचीकडून झाले. ती प्रोग्रॅमर आहे आणि आठवड्यातले तीन दिवस आमच्या आतल्या खोलीत बसून नोकरी करते. आम्ही नोकरीला जात होतो. ही नोकरीला बसते. दार लोटलेले, कानाला यंत्र, आणि मधूनमधून बाहेर झिरपणारी अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी वाक्ये. त्यातली बहुतेक मी वाऱ्यावर सोडतो. पण त्यात वारंवार एक शब्द येऊ लागला आणि मी कान टवकारले. तो शब्द होता ‘डिस्पॅच’.

तुम्ही म्हणाल, यात टवकारण्यासारखे काय आहे? तर मी एकतीस वर्षे डिस्पॅचमध्ये काढली आहेत. ऑफिस कोणते ते विचारू नका; सगळ्या ऑफिसांत डिस्पॅच सारखेच असते. जिन्याखालची जागा, पिवळा दिवा, डिंकाची बाटली, आणि दोन जाडजूड रजिस्टरे : एक आवक, एक जावक. आमचे सासरे कौतुकाने सांगायचे, ‘‘आमचे जावई जावकमध्ये आहेत.’’ ऐकणाऱ्याला वाटे, यमक साधावे म्हणूनच ही नोकरी धरली असावी. लग्नकार्यात ओळखी करून देताना कोणी इंजिनिअर निघे, कोणी बँकेत मॅनेजर निघे, आणि माझ्यापाशी आल्यावर लोक म्हणत, ‘‘आणि हे... ऑफिसात असतात.’’ अशा माणसाला आपल्या खात्याचे नाव अमेरिकेत जन्मलेल्या यंत्रणेत सन्मानाने नांदताना ऐकू आले तर तो कान टवकारील नाही तर काय करील?

त्या यंत्रणेचे नाव जँगो. पायथन नावाच्या भाषेत लिहिलेली ही वेबसाइट बांधण्याची चौकट. म्हणजे दारे-खिडक्या, चूल, मोरी आधीच तयार असलेले घर. आपण फक्त संसार मांडायचा. हिचा जन्म कॅन्सस राज्यात, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली झाला. अ‍ॅड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे तिथले दोन प्रोग्रॅमर. वर्तमानपत्राचे काम, सकाळी सुचलेले पान संध्याकाळी हवे. रोज नव्याने चूल मांडायचा कंटाळा येऊन त्यांनी कायमची चूल घातली, आणि २००५ च्या जुलैत ती सर्वांसाठी खुली केली. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. १९२८ साली आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर त्याने जॅझच्या दुनियेत नाव काढले. इंग्रजीत या नावाच्या आरंभी एक डी लिहितात, पण तो उच्चारायचा नसतो. आमच्या ऑफिसात असे एक उपप्रमुख होते. पाटीवर नाव सगळ्यांच्या आधी, पण मीटिंगमध्ये तोंडातून शब्द नाही.

आता मूळ मुद्दा. वेबसाइट म्हणजे एक ऑफिस समजा. बाहेरून माणूस येतो तो अर्ज घेऊन. त्याला म्हणतात रिक्वेस्ट. प्रवेशद्वाराशी एक मोठा फलक असतो, कोणते काम कोणत्या खिडकीवर होते ते सांगणारा. जँगो हा फलक वरून खाली वाचतो आणि जी ओळ आधी जुळेल तिथे अर्जदाराला पाठवतो. खिडकीला म्हणतात व्ह्यू. खिडकीने अर्ज घ्यायचा आणि उत्तर द्यायचे, एवढाच व्यवहार.

सुरुवातीला प्रत्येक खिडकीमागे एक फंक्शन बसलेले असे. फंक्शन म्हणजे एकखांबी तंबू. अर्ज त्याच्याच हातात, सोबतची माहितीही त्याच्याच हातात, बोलणेही तोच खाणार. अशा खिडक्या आजही चालतात आणि बऱ्या चालतात. पण काम वाढले की एकाच माणसाच्या टेबलावर ‘अर्ज पाहायला आला असेल तर हे करा, भरून द्यायला आला असेल तर ते करा’ अशी जर-तरची चळत लागते. म्हणून २०११ च्या मार्चमध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीपासून खिडकीमागे अख्खा क्लास बसवायची सोय झाली. क्लास म्हणजे खाते. त्यात पाहायला येणाऱ्यांचे टेबल वेगळे, त्याचे नाव गेट. भरून द्यायला येणाऱ्यांचे वेगळे, त्याचे नाव पोस्ट. शिवाय एका खात्याचे नियम दुसऱ्या खात्याला वारसाहक्काने मिळतात, म्हणजे तेच तेच परिपत्रक पुन्हा टाइप करायला नको.

पण इथे एक अडचण आली. फलकाचे म्हणणे, मला खाते नको, माणूस दाखवा. हाक मारली की ‘ओ’ देणारा आणि हातातला अर्ज घेणारा. त्यामुळे क्लासचे नुसते नाव लिहून भागत नाही. त्यापुढे ‘अ‍ॅज व्ह्यू’ असे लिहून कंस करावा लागतो. हा अ‍ॅज व्ह्यू म्हणजे खात्याने दारात एक शिपाई नेमून देण्याची व्यवस्था. फलकाला हाक मारायला माणूस मिळाला, खात्याची अब्रूही राहिली.

हा शिपाई अर्जदार आला की काय करतो ते ऐका. भाचीने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसेना. तो प्रत्येक अर्जासाठी एक नवा कोरा कारकून जन्माला घालतो!

‘‘प्रत्येक अर्जाला नवा?’’ मी विचारले.

‘‘हो मामा. काम झालं की तो संपला. पुढच्याला पुन्हा नवा.’’

‘‘आणि त्याची पेन्शन?’’

यावर ती हसली, पण प्रश्न गंभीर होता. मात्र विचार केल्यावर या व्यवस्थेतले शहाणपण पटते. नव्या कारकुनाला कालचा राग नसतो. आधीच्या अर्जदाराशी झालेले भांडण तो तुमच्यावर काढीत नाही. तुमचे कागद शेजारच्याच्या कागदांत मिसळत नाहीत, कारण त्याच्या टेबलावर दुसऱ्या कोणाचे कागद नसतातच.

या कारकुनाला माहिती कुठून मिळते? इथे तीन वाटा आहेत, आणि नवशिक्यांची गल्लत होते ती याच तीन वाटांची, असे भाची म्हणते.

पहिली वाट, खात्याचे कायमचे नियम. ते क्लासमध्येच लिहिलेले असतात. कोणता छापील नमुना वापरायचा, कोणत्या कपाटातले दप्तर काढायचे, वगैरे.

दुसरी वाट, अ‍ॅज व्ह्यूच्या कंसात दिलेली माहिती. ही म्हणजे नेमणुकीच्या वेळचा आदेश. ‘या खिडकीपुरता हिरवा नमुना वापरावा.’ हा आदेश ऑफिस उघडताना एकदाच वाचला जातो आणि त्या खिडकीवर जन्मणाऱ्या प्रत्येक कारकुनाला लागू होतो. पण शिपाई आदेश डोळे मिटून घेत नाही. ज्या नावाची नोंद खात्याच्या नियमांत मुळातच नाही, तसले काही कंसात दिले तर तो तिथल्या तिथे कागद परत करतो. आणि गेट, पोस्ट ही टेबलांची नावे तर कंसात देऊच देत नाही. नियमांत नसलेली गोष्ट आदेशात घुसडता येत नाही, असे ऑफिस मी उभ्या हयातीत पाहिले नाही. मात्र एक खबरदारी. या कंसात एखादी यादी ठेवली तर ती यादी सगळ्या कारकुनांत सामाईक असते. एकाने तीत भर घातली की पुढच्यालाही ती दिसते. सामाईक शाईच्या पॅडचे काय होते ते ज्यांनी ऑफिसात काम केले आहे त्यांना सांगायला नको.

तिसरी वाट मात्र माझ्या जिव्हाळ्याची. अर्जदाराबरोबर त्या-त्या वेळी येणारी माहिती. समजा, वाचनालयाची वेबसाइट आहे आणि कोणाला ४२ क्रमांकाचे पुस्तक पाहायचे आहे. पत्त्यातच तो क्रमांक येतो. फलकावर त्या जागी कोनी कंसात लिहिलेले असते की इथे पूर्णांक येईल आणि त्याला पीके म्हणावे. पीके म्हणजे प्रायमरी की, आपल्या भाषेत नोंदणी क्रमांक. ही सुटसुटीत पद्धत डिसेंबर २०१७ मधल्या २.० या आवृत्तीपासून आली. त्याआधी तिथे कंस, प्रश्नचिन्ह, मोठा पी, पुन्हा कंस अशी एक लिपी वापरीत. ती पाहून मला आजोबांच्या मोडीतल्या जमाखर्चाची आठवण झाली. क्रमांकाच्या जागी कोणी अक्षरे लिहिली तर ती ओळ जुळत नाही, आणि फलकावरची दुसरी कुठलीही ओळ जुळली नाही तर ४०४, म्हणजे ‘असे काही इथे नाही’.

फलकावरच्या ओळीत तिसऱ्या जागी आणखी काही माहिती वरून जोडता येते. आणि समजा, पत्त्यातून आलेली माहिती आणि ही वरून जोडलेली माहिती एकाच नावाची निघाली तर? तर वरून जोडलेली खरी धरतात. हे ऐकून मात्र मला अगदी घरच्यासारखे वाटले. साहेबाची चिठ्ठी आणि अर्जदाराचा कागद यांत चिठ्ठी वरचढ ठरणार, हा नियम कॅन्ससपर्यंत पोचलेला आहे.

पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह घालून जे लिहितात, ते मात्र या सहपत्रांत धरीत नाहीत. फलक तिकडे पाहतसुद्धा नाही. ते अर्जाच्याच पोटात राहते; कारकुनाला हवे असेल तर त्याने अर्ज उलगडून वाचावे. तोंडी चौकशी आणि लेखी कागद यांतला हा फरक आहे.

तर ही पत्त्यातून आलेली माहिती ज्या पुडक्यात बांधतात त्याचे नाव क्वार्ग्ज. नाव जर्मन औषधासारखे वाटते, पण आहे ‘कीवर्ड आर्ग्युमेंट्स’चे लघुरूप. त्याच्या आधी दोन चांदण्या काढतात. दोन चांदण्या म्हणजे प्रत्येक कागदाला नावाची चिठ्ठी लावलेली : पीके ४२. एक चांदणी असेल तर ते आर्ग्ज, म्हणजे बिननावाचे कागद, नुसत्या क्रमाने ओळखायचे; पहिला, दुसरा, तिसरा. आर्ग्ज आणि क्वार्ग्ज ही नावे बदलली तरी पायथनची हरकत नसते. चांदण्या बदलून चालत नाही. वर्दीतल्या माणसाचे असेच असते. नाव काही असो, लोक खांद्यावरच्या चांदण्या मोजतात.

या सगळ्यांच्या आधी आणखी एक आर्ग्युमेंट असते, सेल्फ. म्हणजे स्वतः तो कारकून. पायथनमध्ये कारकुनाने प्रत्येक कामाच्या आरंभी ‘मी’ असे लिहावेच लागते. आधी मी, मग तुमचा अर्ज, मग सहपत्रे. आमच्या ऑफिसातही क्रम हाच होता, फक्त तो इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेला नव्हता.

नवा कारकून खुर्चीवर बसला की पहिले काम सेटअप. एप्रिल २०१९ च्या २.२ आवृत्तीपासून याला वेगळे नाव मिळाले. आधी हे दारातच उरकून घेत. सेटअपमध्ये कारकून अर्ज, आर्ग्ज आणि क्वार्ग्ज यांची आपल्याजवळ नोंद करून ठेवतो. हे ऐकल्याबरोबर मी खुर्चीतून उठलो.

‘‘अगं, हे आवक रजिस्टर!’’

‘‘काय?’’

‘‘आलेला कागद पुढे पाठवण्याआधी नोंदवायचा. क्रमांक, तारीख, सहपत्रे किती. आवक!’’

‘‘बरोबर,’’ ती म्हणाली, ‘‘आणि त्याच्यानंतर येतं डिस्पॅच.’’

सांगतो, एकतीस वर्षांत इतका आनंद मला बोनसच्या दिवशीही झाला नव्हता.

जँगोतला डिस्पॅच काय करतो? तो निर्णय घेत नाही. मजकूर लिहीत नाही. अर्ज कोणत्या प्रकारचा आहे ते पाहतो आणि त्या नावाच्या टेबलाकडे पाठवतो. अर्जाचे प्रकार त्याला आठ माहीत असतात. गेट आणि पोस्ट हे रोजचे, शिवाय पुट, पॅच, डिलीट, हेड, ऑप्शन्स आणि ट्रेस. त्या नावाचे टेबल खात्यात असेल तर अर्ज, आर्ग्ज, क्वार्ग्ज सगळे तसेच्या तसे तिकडे. नसेल तर ४०५ क्रमांकाचे उत्तर : हे काम या खिडकीवर होत नाही. पण एवढेच सांगून तो खिडकी लावून घेत नाही; इथे कोणकोणती कामे होतात, त्यांची यादीही उत्तराबरोबर देतो. माझ्या ऑफिसात हे उत्तर दिवसातून साठ वेळा दिले जाई. यादी कोणाला दिल्याचे आठवत नाही.

या टेबलांवर तयार खातीही मिळतात. त्यातले एक डिटेल व्ह्यू. एका वस्तूचा तपशील दाखवणे हे त्याचे काम. ते सहपत्रांत ‘पीके’ नावाचा कागद शोधते, नाही तर ‘स्लग’ नावाचा. तुम्ही फलकावर त्याच क्रमांकाचे नाव ‘बुक आयडी’ असे लिहिलेत, तर क्रमांक बरोबर असूनही खाते म्हणणार, माझ्याकडे पीकेही आला नाही आणि स्लगही आला नाही. मग खात्याच्या नियमांत एक ओळ घालावी लागते की आमच्याकडे पीकेला बुक आयडी म्हणतात. लग्न झालेल्या बाईला माहेरच्या नावाने आलेले पत्र सासरच्या चाळीत पोचत नसे, तसाच हा प्रकार. बाई तीच, घर तेच, पोस्टमन दारात उभा, आणि शेजारीण सांगतेय, ‘‘या नावाचं इथं कोणी राहत नाही.’’

आता यात बिघडते कुठे, तर मधल्या माणसापाशी. गेल्या पावसाळ्यात भाचीच्या टीमकडे एका वाचनालयाचे काम होते. पुस्तकाचे पान फक्त सभासदांनाच दिसावे, म्हणून टीममधल्या एका नव्या मुलाने आपल्या क्लासमध्ये स्वतःचा डिस्पॅच लिहिला. आलेला माणूस सभासद आहे का ते पाहायचे आणि मग मूळच्या डिस्पॅचकडे काम सोपवायचे. मूळच्याला ‘सुपर’ म्हणतात. सुपर म्हणजे वाडवडिलांची रीत. मुलाने सभासदत्व तपासले, वडिलांना हाकही मारली. पण हाक मारताना फक्त अर्ज पुढे केला. क्वार्ग्ज त्याच्याच हातात राहिले. पुढच्या गेटच्या टेबलाने अर्ज घेतला, सहपत्र शोधले आणि तक्रार केली : पीके नावाचे एक आवश्यक आर्ग्युमेंट गहाळ आहे.

‘गहाळ’! हा शब्द ऐकला की मला अजूनही घाम फुटतो. १९८७ साली आमच्या ऑफिसातला एक ड्रायव्हर वारला. त्याच्या बायकोचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज माझ्या हातून वरच्या ऑफिसला गेला. लग्न झाले त्या वर्षी ड्रायव्हरने कुटुंबाच्या तपशिलात बायकोचे नाव माहेरचेच लिहिले होते. अर्ज अर्थातच सासरच्या नावाने. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे सांगणारे प्रतिज्ञापत्र हे सहपत्र क्रमांक २. चार महिन्यांनी उत्तर आले, ‘सहपत्र क्र. २ आढळून येत नाही. सबब प्रकरण विचारात घेता येत नाही.’ बाई धाकट्या मुलाला घेऊन खिडक्या फिरू लागली. प्रत्येक टेबल सांगे, आमच्याकडे आलेच नाही. कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुढे आलेले पत्र पुढे सरकवले होते. मुलाच्या शाळेची फी थकली होती, घरमालक दारात येत होता, आणि हे सगळे एका टाचणीवर अडले होते.

मी जावक रजिस्टर उघडले. क्रमांक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘सहपत्रे ३’. शेजारी घेणाऱ्याची सही. आमचे हेडक्लार्क मला नेहमी म्हणत, ‘‘अहो, सहपत्रे कसली मोजत बसता? पाकीट गेलं की झालं!’’ ते रजिस्टर काखेत मारून मी वरच्या ऑफिसात गेलो. प्रतिज्ञापत्र इथपर्यंत आले होते याला आता लेखी पुरावा होता. तेव्हा ते इथेच शोधायचे, बाईच्या पिशवीत नव्हे. दुपारी साडेतीनला ते सापडले. दुसऱ्याच कोणाच्या रजेच्या अर्जाला पाठीमागून टाचलेले होते.

पुढच्या महिन्यात बाई पहिली रक्कम मिळाल्याचे सांगायला आली. तिने रजिस्टर बघायला मागितले. मी ते पान काढून दिले. तिने त्या ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचले, ‘‘सहपत्रे तीन.’’ आणि रजिस्टर मिटून परत दिले. त्या दिवसानंतर हेडक्लार्क सहपत्रांबद्दल काही बोलले नाहीत.

म्हणून भाची ‘गहाळ’ म्हणाली तेव्हा मी तिला एकच विचारले, ‘‘आवक नोंद आहे का?’’

तिने पाहिले. होती. सेटअपने डिस्पॅचच्या आधीच नोंद करून ठेवली होती. त्या कारकुनाच्या सेल्फमधल्या क्वार्ग्जमध्ये पीके ४२ हा कागद सुखरूप होता. म्हणजे फलकाचा दोष नाही, पत्त्याचा नाही, वाचकाचा तर नाहीच. कागद ऑफिसात शिरलेला आहे आणि आवक झाल्यानंतर, टेबलावर पोचण्यापूर्वी राहिलेला आहे. या दोहोंच्या मध्ये एकच माणूस उभा असतो. ओळ सापडायला पाच मिनिटे लागली. अर्जाच्या पुढे स्वल्पविराम, एक चांदणी आणि आर्ग्ज, स्वल्पविराम, दोन चांदण्या आणि क्वार्ग्ज. मुलाला कोणी रागावले नाही. दुरुस्तीबरोबर काय बदलले ते थोडक्यात लिहायची त्यांच्यात रीत आहे. तिथे भाचीने लिहिले, ‘सहपत्रे जोडली.’ परगावच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ विचारला म्हणे. तिने सांगितले, ही जुनी टर्म आहे.

तेव्हापासून मी आजूबाजूला पाहतो आणि मला जिकडेतिकडे चांदण्या विसरलेले डिस्पॅच दिसतात. डॉक्टर पेशंटला सांगतात, गोळी रात्री घ्या, पण जेवणानंतर आणि दुधाबरोबर नको. पेशंट घरी येऊन सांगतो, ‘‘गोळी घ्यायला सांगितलीय.’’ मुलीकडचे मध्यस्थाला सांगतात, मुलगी पसंत आहे, पण नोकरी सोडणार नाही आणि लग्न मे महिन्यात नको. मध्यस्थ मुलाकडे येऊन सांगतो, ‘‘पसंत आहे.’’ बायको सांगते, बाजारातून नारळ आणा, सोललेला, हलवून पाहून, कोपऱ्यावरच्याकडून नको. नवरा दोन तासांनी न सोललेला नारळ घेऊन कोपऱ्याच्या बाजूनेच येताना दिसतो. अर्ज सगळेच पोचवतात. अर्ज मोठा असतो, ठळक असतो, तो विसरला जात नाही. राहते ते त्याला टाचलेले बारीकसे काहीतरी, आणि बहुतेक वेळा सगळी गंमत, सगळी पेन्शन त्या बारीकशा कागदातच असते.

आमच्या सोसायटीतल्या भांडणांचा मी या दृष्टीने थोडा अभ्यास केला आहे. माझा निष्कर्ष असा की मराठी घरातली निम्मी आर्ग्युमेंट्स होतात, ती आर्ग्युमेंट्स पुढे पास न केल्यामुळे. हा निष्कर्ष मी सौ.ला सांगितला. तिने तो मान्य केला नाही. उरलेली निम्मी कशाने होतात, यावर सध्या आमच्याकडे चालू आहे.